मला न उमजलेले कुमार गंधर्व

कुमार गंधर्वांचे गाणे मला आवडत नाही, हे वाक्य गेली वीस-बावीस वर्षे मी मनात बाळगून आहे. मोठ्याने मात्र फार थोड्या वेळा उच्चारले आहे. यात भित्रेपणाचा भाग आहे, नाही असे नाही. पण आमच्या या भागात ते उच्चारायचे तरी कोणासमोर? बेळगावात त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. शहरापासून काही कोसांवर सुळेभावी हे गाव आहे. तेथे ८ एप्रिल १९२४ रोजी ते जन्मले. निपाणीपासून खानापूरपर्यंत कोणत्याही जाणत्या घरी गेलात तर भीमसेनांच्या शेजारी कुमारांची तबकडी किंवा फीत असायचीच. अशा मुलखात राहून ‘मला ते कळत नाहीत’ असे म्हणणे म्हणजे देवळाच्या दारात उभे राहून नैवेद्याला नाक मुरडण्यासारखे होते.

ज्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी उमेदवारी केली ते कुमारांचे निस्सीम भक्त. निपाणीच्या कोर्टात तारीख असली की आम्ही त्यांच्या मोटारीने निघत असू. संकेश्वर मागे पडेपर्यंत ते खटल्याविषयी चकार शब्द काढीत नसत. कारण तोवर मोटारीत कुमार गात असत. फीत संपली की माझ्याकडे वळून विचारीत, “काय हो, कसे वाटले?” मी म्हणे, “छान आहे, साहेब.” त्यावर ते शांतपणे म्हणत, “खोटी साक्ष!” आणि मग फायलीची दोरी सोडीत.

त्यांचा तर्क खरा होता. मला त्या गाण्यात बसायला जागाच सापडत नसे. स्वर लागतो आहे असे वाटावे तोच तो सुटे. आलाप सुरू झाला म्हणून मन स्थिर करावे तर मध्येच एखादी वीज चमकल्यासारखी तान येऊन जाई, आणि मग दीर्घ शांतता. ते गाणे कोणाशी तरी भांडते आहे, आणि ते भांडण मी भिंतीपलीकडून ऐकतो आहे, असे मला वाटे.

यात माझ्या कानांचा दोष होता, पण तो एकट्या माझ्या कानांचा नव्हता. आमच्या सीमाभागाचे कान कोणी घडवले ते पाहा. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि त्यानंतर दोन पिढ्या नाटकातले पद हेच येथल्या सामान्य माणसाचे शास्त्रीय संगीत झाले. रामकृष्णबुवा वझे बेळगावात येऊन राहिले. त्यांच्या गाण्यातला जोम आणि ठसका दीनानाथ मंगेशकरांच्या गळ्यातून गोव्यापासून वऱ्हाडापर्यंत पोचला. मिरजेला अब्दुल करीम खाँ, कोल्हापूरला अल्लादिया खाँ, कुंदगोळला सवाई गंधर्व. गाणे म्हणजे भरीव आवाज, समेवर निःशंक येणे, आणि रागाची पायरी पायरीने केलेली बढत, ही आमची व्याख्या. आमच्या देवळांत पालखी जशी प्रदक्षिणेला निघते, प्रत्येक थांब्यावर विसावते, तेथे पद होते, मग पुढे सरकते, तशी किराण्याची आलापी. तिच्याबरोबर चालता येते. कुमारांच्या गाण्यात पालखी कोठे आहे हेच मला दिसत नसे. देव मात्र एकदम समोर उभा, आणि क्षणात अदृश्य.

हे सारे माझ्या एकट्याच्या आवडीनिवडीपुरते राहिले असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. तसे ते राहिले नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या देवस्थानाच्या वार्षिक उत्सवात गाण्यासाठी धारवाडकडे शिकलेली एक तरुण गायिका येणार होती. कार्यक्रमाची रूपरेषा तिने आगाऊ कळविली: एक राग, आणि नंतर कुमारांच्या वळणाची कबीराची निर्गुणी भजने. समितीच्या बैठकीत पत्र वाचले गेले. एक वयोवृद्ध विश्वस्त कोंकणीत म्हणाले, “वकीलबाब, हें भजन न्हय, हो वाद.” मला तेवढेच हवे होते. मी उठून रीतसर युक्तिवाद केला. आपले देवस्थान सगुणाचे. येथे अभिषेक, पुष्पपूजा, पालखी, आरती. ज्या वाणीने मूर्ती आणि देऊळ ही दोन्ही निरर्थक ठरविली तिला सभामंडपात स्थान का द्यावे? युक्तिवाद चांगला झाला असावा, कारण कोणी उत्तर दिले नाही. ‘नाट्यपदे व अभंग गावेत अशी विनंती’ असे पत्र गेले. ती आली, सांगितले ते गायली, उत्तम गायली, प्रसाद घेतला आणि गेली. जाताना तिने कोणाकडे पाहिले नाही.

ही हकीकत मी आमच्या ज्येष्ठांना जरा अभिमानानेच सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: “निकाल देण्यापूर्वी दुसऱ्या पक्षाला ऐकले होते का?” मी म्हणालो, “नाही.” ते पुढे काही बोलले नाहीत. पुढल्या वर्षी ते वारले, आणि त्यांच्या घरच्यांनी फितींची एक पेटी माझ्याकडे पाठविली.

त्या पेटीमुळे मला हा दावा पुन्हा चालवावा लागला. या वेळी कागदपत्रांसह.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे मूळ नाव. घर कन्नड, वीरशैव. वडील स्वतः गात. मुलगा सहा-सात वर्षांचा असताना अचानक गाऊ लागला, आणि गाऊ लागला तो थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा. स्वर, हरकत, तान, काहीही न गाळता. एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि तेच पुढे त्याचे नाव झाले. मुलगा गावोगाव गाऊ लागला, लोक तोबा गर्दी करू लागले. आज त्या बालवयातल्या ध्वनिमुद्रिका ऐकायला मिळतात. त्यात दमदार, अखंड, निःशंक गाणे आहे. मजा अशी, की हे गाणे मला तत्काळ आवडले! म्हणजे मला कुमार आवडत होते ते दुसऱ्याचे गाणे गाणारे.

हे ध्यानात आले तेव्हा मी जरा वरमलो.

पुढे मुलगा मुंबईला प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे गेला. देवधर मिरजेचे, विष्णु दिगंबरांचे शिष्य. पण एका घराण्याच्या चौकटीत न मावणारे. सर्व घराण्यांच्या गवयांना ऐकावे, त्यांच्याकडून घ्यावे, टिपून ठेवावे, हा त्यांचा स्वभाव; ‘थोर संगीतकार’ हे त्यांचे पुस्तक त्याची साक्ष आहे. शिवाय आपल्या वाचकांनी विसरू नये असे एक नाव येथे येते: पेडण्याजवळच्या मालपे गावचे नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर. भेंडीबाजार घराण्याची ही थोर गायिका. तिच्याकडेही कुमार शिकले. कुमारांच्या स्वरलगावाची चर्चा करताना मंडळी माळव्यापर्यंत जातात, पण वाटेत लागणारे हे गोमंतकीय ऋण सहसा मोजत नाहीत.

नक्कल करण्याची अलौकिक शक्ती असलेल्या मुलाला ‘आता तुझे काय?’ हा प्रश्न केव्हातरी पडणारच. कुमारांना तो पडला असेल. पण त्याचे उत्तर शोधायला नियतीने जी जागा दिली ती भयंकर होती. १९४७ साली भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला, आणि लगोलग क्षयाचे निदान झाले. हवापालटासाठी १९४८ च्या आरंभी पतिपत्नी देवासला आली. गाणे बंद. बोलणेसुद्धा जपून. त्या काळी क्षय म्हणजे बहुधा मृत्यूच. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध अमेरिकेत १९४३ साली सापडले होते. ते आपल्याकडे मिळू लागले म्हणून हा गायक वाचला. तरी पाचएक वर्षे अंथरुणात गेली, आणि एक फुफ्फुस कायमचे अधू झाले ते झालेच. भानुमतींनी नोकरी करून आणि शुश्रूषा करून ती वर्षे निभावली. १९६१ साली त्या बाळंतपणात गेल्या. कुमारांच्या यशाच्या कथांत त्यांच्या वाट्याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा येत नाही. येथेही मी त्याहून फार अधिक देऊ शकलेलो नाही, याची खंत आहे.

देवास हे गाव आपल्याला वाटते तितके परके नाही. पवारांच्या दोन पात्यांची ती मराठी संस्थाने, थोरली आणि धाकटी. गावाच्या माथ्यावर टेकडी आणि टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने थोरल्या पातीच्या महाराजांकडे चिटणिशी केली आणि त्या दिवसांवर पुढे पुस्तक लिहिले. त्याच टेकडीच्या पायथ्याशी कुमारांचे घर. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर जे आले त्यात मैफल नव्हती. बाजाराला जाणाऱ्या बायकांची गाणी, लग्नाची गाणी, पावसाची गाणी, आणि दारोदार भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथजोग्यांची निर्गुणी पदे.

स्वतः गाता येत नसलेल्या गवयाने वर्षानुवर्षे केवळ ऐकावे, याला संगीताच्या इतिहासात जोड सापडणे कठीण. त्याने ही लोकगीते जमविली, त्यांचे स्वर लिहिले, आणि एक विचार मांडला की राग हे कोणी पंडिताने शाळेत बसून केलेले नसून लोकधुनांतूनच निघाले असले पाहिजेत. केवळ विचार मांडून तो थांबला नाही. धुनांतून त्याने नवे राग सिद्ध केले. मालवती, लगनगांधार, सांजरी, सहेली तोडी ही त्यांतली काही नावे. आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, गांधीमल्हार. त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ ‘अनूपरागविलास’ १९६५ साली प्रसिद्ध झाला. ‘गीतवर्षा’सारखे कार्यक्रम ऐकायला त्या काळी लोक रांगा लावीत.

१९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले, आणि जाणकारांत दोन तट पडले. एका पक्षाने डोक्यावर घेतले. आमचे पु. ल. देशपांडे (आमचे म्हणायला हरकत नाही, बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात ते काही काळ मराठीचे प्राध्यापक होते) या पक्षाचे अग्रणी. दुसरा पक्ष म्हणे, हा ख्याल नव्हे. बढत नाही, घराणे नाही, शिस्त नाही. हे तुकडे आहेत. कोणी असेही म्हणे की फुफ्फुस एकच, म्हणून दम अपुरा, आणि अपुऱ्या दमालाच यांनी शैली म्हणून मिरविले.

हा शेवटचा आक्षेप मीही पुष्कळदा मनातल्या मनात घेतला होता. आता मला तो टिकेलसा वाटत नाही. दम अपुरा असेल तर गाणारा वाक्य लहान करील, हे खरे. परंतु ते लहान वाक्य कोठे तोडायचे आणि त्यानंतरची शांतता किती ठेवायची, हे फुफ्फुस ठरवीत नाही. क्षयातून उठलेले आणखीही गवई असतील. त्यांचे असे गाणे झाल्याचे ऐकिवात नाही. आजार हे निमित्त ठरले. कारण म्हणून त्याच्यावर दोषारोप सिद्ध होत नाही.

अर्थात, दाव्यातला मुद्दा सुटला म्हणून गाणे आवडू लागते असे नाही. तसे असते तर सर्व वकील रसिक झाले असते.

मला दार सापडले ते भलत्याच ठिकाणी. पेटीच्या तळाशी माळव्यातल्या लोकगीतांची एक फीत होती. एका पावसाळ्या रात्री, कोर्टाला सुट्टी असताना, ती लावली. बायकी गाणे, कुमारांच्या आवाजात. साधे, चार-पाच स्वरांत फिरणारे. तिसऱ्या की चौथ्या गाण्याला मी उठून बसलो. ते वळण मी ऐकलेले होते. माझी आजी जात्यावर बसून ओवी म्हणे, तिचा शेवट ती ज्या रीतीने वर टाकून सोडून देई, तोच तो शेवट. शब्द माळवी, आजीची ओवी आमच्या खानापूरकडची. मध्ये शेकडो कोस आणि दोन भाषा. पण ओवीतली ओळ जात्याच्या खुंट्याला हात लागला की तुटते, आणि दळण फिरून आले की पुन्हा जुळते. आजीची ओवी आम्हाला कधी तुटक वाटली नाही. मग हेच कुमारांच्या ख्यालात आले तेव्हा मी ‘तुकडे’ म्हणून का नावे ठेवली?

त्यानंतर मी त्यांचा ख्याल रागाची प्रदक्षिणा म्हणून ऐकण्याचे सोडले. बंदिश हेच घर धरून, त्या घरातून ते कोठे पाहतात एवढेच ऐकू लागलो. मग पुष्कळ जागा उघडल्या. सगळ्या नाहीत. त्यांची अतिद्रुत गाणी मला आजही धाप लागल्यासारखी वाटतात, आणि तसे लिहिताना आता भीती वाटत नाही.

बालगंधर्वांच्या पदांचा त्यांचा कार्यक्रम, ‘मला उमजलेले बालगंधर्व’, हा याच पेटीत होता. लोकमान्यांनी ज्यांना बालगंधर्व म्हटले आणि ज्यांच्या नाटकांनी अर्धे शतक महाराष्ट्र वेडा केला, त्यांची नक्कल करणारे शेकडो झाले. लहानपणी कोणाचीही हुबेहूब नक्कल करू शकणारा हा गायक मात्र तेथे नक्कल टाळतो. त्याने ‘उमजलेले’ हा शब्द निवडला. ‘बालगंधर्व असे गात’ असा त्याचा दावाच नाही. या नम्रतेची मी काही काळ उलटतपासणी केली. ती खरी निघाली.

आता राहिला निर्गुणाचा प्रश्न. आणि समितीत मी बोललो होतो तो याविषयी, म्हणून तो टाळता येणार नाही.

कुमारांची निर्गुणी भजने देवासच्या नाथपंथीयांकडून आली. शीलनाथ महाराजांची धुनी त्या गावी आहे. आम्ही म्हणतो, हे बाहेरचे. पण ज्ञानेश्वरमाउलींची परंपरा कोणती? आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ति. पंढरीच्या सगुण विठ्ठलापुढे रोज उभा राहणारा वारकरी ज्या गुरुपरंपरेचे नाव घेतो ती नाथांचीच आहे. ज्ञानदेवांनी दोन्ही गायिले, आणि त्यांना त्यात वाद दिसला नाही. आणखी जवळचे उदाहरण आपल्या बांद्याचे. सोहिरोबानाथ आंबिये, अठराव्या शतकातले आपले संतकवी, गहिनीनाथांच्या अनुग्रहाचे. कुलकर्णीपण सोडून निघाले ते उत्तरेत ग्वाल्हेरकडे गेले आणि शेवटी उज्जैनला स्थिरावले. उज्जैन देवासपासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे कुमार माळव्यात पोचण्याच्या दीडशे वर्षे अगोदर कोकणातला एक मनुष्य नाथांची वाणी घेऊन त्याच वाटेने गेला होता. मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी सोहिरोबांची पदे गायले तेव्हा आमच्याच सभामंडपात आम्ही माना डोलावल्या; ती निर्गुणाकडे नेणारी आहेत हे आमच्या लक्षातही आले नाही, कारण गाणारा घरचा होता आणि चाल ओळखीची होती.

आणि कुमार तरी बाहेरचे कसे? ज्या वीरशैव घरात ते जन्मले तेथे बाराव्या शतकापासून बसवण्णांची वचने आहेत. दगडी देवळापेक्षा चालत्याबोलत्या देहाला मंदिर मानणारी. सुळेभावीच्या मुलाला कबीर देवासला भेटला खरा, पण भेटताच ओळखीचा वाटला असेल, असा माझा तर्क आहे. तर्कच, पुरावा नाही.

या ठिकाणी एक विषयांतर, पण आमच्या भागात ते अटळ आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून बेळगाव कोणत्या राज्यात असावे हा वाद आहे. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल झाला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. दोन्ही बाजूंचे मित्र मला अधूनमधून विचारतात, कुमार कोणाचे? मातृभाषा कन्नड, गुरु मराठी, नाट्यपदे आणि तुकोबा मराठीत, कबीर, सूर, मीरा हिंदीत, आयुष्याची चव्वेचाळीस वर्षे माळव्यात. पद्मभूषण १९७७ साली, पद्मविभूषण १९९० साली. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासला ते गेले. मालमत्तेच्या कोणत्याही फिर्यादीत हा मुद्दा मी घ्यायला धजणार नाही. प्रतिवादीच सापडायचा नाही.

लोकप्रिय कलावंत न कळणे हा काही केवळ आपल्याकडचा रोग नाही. अमेरिकेत बॉब डिलन या गायकाने १९६५ साली न्यूपोर्टच्या उत्सवात विजेची गिटार हाती घेतली, तेव्हा त्याच्याच चाहत्यांतल्या कित्येकांनी हुर्यो केली. त्याच माणसाला २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले. तेथल्या श्रोत्यांनी निदान तोंडावर तरी हुर्यो केली. मी मात्र बैठकीत ठराव केला, तोही गाणे न ऐकता.

गेल्या महिन्यात समितीची बैठक झाली. उत्सवाच्या कार्यक्रमांचा विषय निघाला तेव्हा मी त्या गायिकेचे नाव सुचविले, आणि काय गायचे ते तिनेच ठरवावे असेही सुचविले. ते वयोवृद्ध विश्वस्त आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “वकीलबाब, तेन्ना तुमीच ना म्हळ्ळें!” मी म्हणालो, होय, मीच. ते हसले आणि त्यांनी कागद पुढे सरकविला.

पत्र मी स्वतः लिहिले. पहिल्या पत्राबद्दल त्यात चार ओळी क्षमायाचनेच्या आहेत. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.